पट्टी बांधलेली बाटली

"थांब पोट्टी, आधी सांगून घेऊ दे."

आमच्या समोरच्या आजींचं हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की अजूनही स्कूटीची किल्ली फिरवण्याआधी माझा हात क्षणभर थांबतो. कुकर लावण्याआधी, दाराचं कुलूप उघडण्याआधी, कुरिअरचं पाकीट फाडण्याआधी आजी आधी वर सांगून घ्यायच्या. दर रविवारी माझ्या गाडीवर बसतानाही. एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हाताने पदर डोक्यावर, डोळे मिटलेले.

"बापा, ही पोट्टी गाडी चांगली चालवते, पण वळताना मागं पाहत नाही. तू पाह्य. आमेन." मग माझ्या खांद्यावर एक थाप. "चाल आता."

एकदा सदर बाजारात आम्ही गर्दीत अडकलो आणि आजींनी तिथेच दुसरी प्रार्थना सुरू केली. पुढची वाट मोकळी झाली तरी मला निघता येईना, कारण आजींचं आमेन व्हायचं होतं. मागे हॉर्नचा नुसता कल्ला. एक मोटरसायकलवाला ओरडला, "अरे अम्मा, पूजा घर में करो ना!" आजींनी डोळे न उघडता त्याला प्रार्थनेत घेतलं. "आणि बापा, या मागच्या भैयाले लय घाई आहे. त्याले बी सुखरूप पोचव." मराठी त्याला कितपत कळली कोण जाणे, पण तो गप्प झाला. पुढे जाताना "सॉरी अम्मा" म्हणून गेला. मी हेल्मेटच्या आत लाजेने लाल झाले होते.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. त्याच्यासोबत रस्त्याने चालताना लाज वाटते आणि ते सोबत नसलं की रस्ता सुना वाटतो.

आजी रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात आमच्या घरासमोरच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. मूळच्या अचलपूरकडच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातल्या. नर्सिंग शिकून इथल्या एका इस्पितळात लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत बाळंतपणाच्या वॉर्डात राहिल्या. गल्लीतल्या मोठमोठ्या मिशीवाल्या माणसांकडे बोट दाखवून सांगायच्या, "याले पहिली थापड माझी. रडूनच नव्हता राहिला." त्यांत माझे बाबाही आले. बाबा कधी घरात आवाज चढवायला लागले की आई हळूच म्हणायची, "समोर ऐकू जाईल हं." बाबांचा आवाज लगेच खाली यायचा.

आजी चर्चला देऊळ म्हणायच्या. लहानपणी मला वाटायचं, त्यांचं आमच्यासारखंच एखादं मंदिर असेल. पुढे बाबांचे गुडघे दुखायला लागले आणि आजींना रविवारी पोचवायचं काम आईने माझ्यावर टाकलं. मला विचारलं नाही. मला विचारून फारसा उपयोग नसतो, कारण मी उत्तर द्यायला वेळ लावते. मी बंगळुरूच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते आणि मीटिंगमध्ये माइक बंद ठेवून बसते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मला बोलता सगळं येतं, फक्त माणसांसमोर येत नाही.

पहिले काही रविवार मी बाहेरच्या भिंतीवर मोबाइल घेऊन बसले. मग ऊन वाढलं तशी आत गेले आणि शेवटच्या बाकावर बसायला लागले. तिथे उपासना हिंदीत चालायची. गाणं सुरू झालं की आजींचा एकटीचा आवाज मराठीत. चाल तीच, शब्द वेगळे, आणि आवाज सगळ्यांच्या वर. कोणी मागे वळून बघत नसे. सवय झाली होती.

त्या देवळात आजींचं एक काम होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि बोटभर उंचीच्या काचेच्या पेल्यात द्राक्षरस. तो रस आजी करायच्या. नवीन नवरी म्हणून त्या चर्चच्या मंडळीत आल्या, तेव्हापासून.

शनिवारी दुपारी हे काम चालायचं, आणि हळूहळू मीही त्यात ओढली गेले. गोल बाजारातून काळ्या मनुका आणायच्या, तीन पाण्यांनी धुवायच्या, भिजवायच्या, एका वेगळ्या पातेल्यात मंद आचेवर उकळायच्या, मग हाताने कुस्करून मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. त्या पातेल्यात दुसरं काही शिजत नसे. माझी आई एकदा बघून म्हणाली, "आजी, हे तर आमच्या सोवळ्यासारखंच झालं."

"सोवळं कायचं? साफसफाई आहे. मी नर्स होती."

"पण मग याच पातेल्यात चहा केला तर?"

आजींनी आईकडे असं पाहिलं की आईने विषय बदलून भाजीचा भाव काढला.

गाळलेला रस जुन्या सरबताच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवला जायचा. तशीच दुसरी बाटली आजींच्या फ्रिजच्या दारात कायम असायची. तिच्यात जांभळाचा शिरका, म्हणजे व्हिनेगर. आजींना शुगर होती आणि सकाळी पाण्यात दोन चमचे शिरका टाकून त्या तोंड वाकडं करत प्यायच्या. दोन्हींचा रंग एकच, गडद जांभळा. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकायला आलेला आणि कोविडमध्ये गेलेला वास परत आलाच नव्हता. म्हणून त्यांनी देवळाच्या बाटलीच्या गळ्याला जखमेवर बांधतात ती गॉजची पट्टी बांधून ठेवली होती. बोट फिरवलं की कळायचं.

त्या शनिवारी ती पट्टी मला फार चिकट आणि डागाळलेली वाटली. मी ती सोडली, साबणाने धुतली, खिडकीच्या गजावर वाळत घातली. आजी शेजारच्या खोलीत साडीला इस्त्री करत होत्या. पट्टी वाळेपर्यंत माझ्या कानात ऑफिसचा फोन सुरू झाला. तो ऐकता ऐकताच मी फ्रिज उघडला, बाटलीला पट्टी बांधली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी आजींनी देवळातल्या मागच्या खोलीत पेले भरले. मी नेहमीसारखी शेवटच्या बाकावर. मी प्रभुभोजन घेत नाही, त्यामुळे त्या दिवशी तिथे चव न घेतलेली बहुधा मी एकटीच होते. मी फक्त चेहरे पाहिले.

पाळकांनी, म्हणजे पास्टरनी, भोजनाचे शब्द म्हटले आणि सगळ्यांनी मिळून पेले ओठाला लावले. पुढच्या बाकावरचे रिटायर्ड गार्ड अंकल छताकडे बघत राहिले. गाणाऱ्या मुलींपैकी एकीचे डोळे पाण्याने भरले. पाळक तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी पुढची प्रार्थना सुरू केली आणि दुसऱ्याच शब्दाला त्यांना ठसका लागला. पण एकानेही तोंडातलं थुंकलं नाही. कोणी शेजाऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, आज काहीतरी फार मोठा पश्चात्तापाचा दिवस असावा.

उपासना संपल्यावर मी बाटली घ्यायला मागच्या खोलीत गेले तर तिथे पाच-सहा जण उभे. खोलीभर शिरक्याचा आंबट वास. टेबलावर बाटली. बाटलीच्या गळ्याला पट्टी, आणि पट्टीला बुटाच्या लेसची असते तशी फुलासारखी गाठ. आजी कधी अशी गाठ मारत नसत. त्यांची गाठ नर्सची, चपटी आणि घट्ट. ती गाठ माझी होती.

"आंटी, कोई बात नहीं," पाळक म्हणत होते. "उमर में ऐसा हो जाता है."

"अब आप आराम कीजिए," एक बाई म्हणाल्या. "अगली बार से हम लोग बाहर से डिब्बेवाला जूस ले आएँगे."

सगळे प्रेमाने बोलत होते. तेच वाईट होतं. आजी त्या सगळ्यांच्या मध्ये उभ्या, डोक्यावरचा पदर घसरलेला, आणि हातात रिकामा ट्रे.

"मेरे से गलती हो गई," त्या म्हणाल्या. "माफ करना."

मी दारात हेल्मेट धरून उभी होते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी ते मनात हिंदीत जुळवलं, मग मराठीत, मग इंग्रजीत. तेवढ्यात सगळे बाहेर पडले.

घरी येताना आजी माझ्या मागे बसल्या, पण त्या दिवशी वर काही सांगितलं नाही. मीही नाही.

मला वाटलं होतं, दोन दिवसांत विसरतील. तसं झालं नाही. आजी स्वतःवर पहारा ठेवायला लागल्या. समोरच्या खिडकीतून हाक यायची, "पोट्टी, गॅस बंद केला का वं मी? पाहून जा." मी जाऊन बघायचे. बंदच असायचा. गोळ्यांची पाकिटं दोनदा माझ्याकडून वाचून घ्यायच्या. ज्या बाईने वॉर्डात अंधारात औषधं वाटली ती आता सकाळची गोळी हातात धरून विचारायची, "हे घेतली का मी?" संध्याकाळी मी त्यांना त्यांच्या मराठी शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, थोडं वाचून दाखवायचे. माझं मराठी वाचन अडखळत चालायचं आणि आजी एकेक शब्द दुरुस्त करायच्या. त्या दिवसांत त्यांनी दुरुस्त करणंही सोडलं. मी एकदा चुकीचं वाचून मुद्दाम थांबले. आजी म्हणाल्या, "असंल तसंच."

मग बिलासपूरहून त्यांचा मुलगा आला. आम्ही त्यांना काका म्हणायचो. रेल्वेच्या ऑफिसात आहेत, आईवर जीव. काका हिंदीत विचारायचे, आजी मराठीत उत्तर द्यायच्या, आणि दोघांना त्यात काही वेगळं वाटत नसे. त्या दिवशी मी तिथेच होते.

"आई, अब बस हो गया. तुम बिलासपुर चलो."

"काहून? इथी काय झालं मले?"

"पूरे चर्च को सिरका पिला दिया, और पूछती हो क्या हुआ?" काका हसून म्हणाले, पण डोळ्यांत काळजी. "कल को गैस खुली रह गई तो?"

एरवी आजींनी त्यांना उडवून लावलं असतं. या आधी तीनदा काकांनी हा विषय काढला होता आणि तीनही वेळा आजींनी त्यांना पोहे खायला घालून परत पाठवलं होतं. या वेळी त्या आपल्या हातांकडे बघत राहिल्या.

"हव," त्या म्हणाल्या. "तू म्हणतो ते बरोबर आहे. डोक्याचा आता भरवसा नाही."

ठरलं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी काका येणार, आजी शेवटची उपासना करणार, दुपारच्या गाडीने दोघं जाणार.

आजी सामान वाटायला लागल्या. लोणच्याची बरणी आईला आली. आई रडली आणि म्हणाली, वयाचं असतंच गं. मी जेवणाच्या ताटावरून उठून वर गेले. मला झोप लागेना असं मी म्हणणार नाही, लागायची. पण सकाळी उठलं की पहिली ती गाठ डोळ्यांसमोर यायची.

शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. आजी ट्रंकेत पांढऱ्या साड्या रचत होत्या.

"आजी, ती पट्टी मी बांधली होती."

"कोणती पट्टी?"

"बाटलीची. धुवायला काढली होती. परत बांधताना शिरक्याच्या बाटलीला बांधली. तुमचं काही चुकलं नव्हतं."

आजी सावकाश पलंगावर बसल्या.

"मले ते गाठ वेगळी लागली होती," त्या म्हणाल्या. "बोटाले समजलं होतं. मंग मी म्हटलं, आपणच बांधली असंल, आता ध्यानात राहत नाही."

मला वाटलं आता त्या मला जवळ घेतील, जाऊ दे म्हणतील. मी त्यासाठीच गेले होते, खरं सांगायचं तर. आजींनी हातातली साडी ट्रंकेत आपटली.

"चार हप्ते! चार हप्ते मी मले पागल समजून राहिली, आन् तू रोज येऊन गॅस पाहून राहिली! तोंड नव्हतं का तुले?"

"भीती वाटली."

"कोणाची? माझी?"

"सगळ्यांची."

"आन् माझं काय होऊन राहिलं ते दिसत नव्हतं?"

दिसत होतं. मी तसं सांगितलं. आजी इतक्या रागावलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या, आणि गंमत म्हणजे इतक्या ताठ बसलेल्याही त्या महिन्यात पाहिल्या नव्हत्या. रागाच्या मध्येच त्यांना काहीतरी सुचलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

"एकदम ठीक आहे."

"पाह्य बरं!" त्या भिंतीला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "पण मले सांगून काय उपयोग? पेलं तर सगळ्यायनं. परवा देवळात सांग. साक्षीच्या वेळेले उभं राहायचं."

"आजी, मला नाही जमणार. मी तुमच्यातली पण नाही."

"शिरका पाजताना होती ना आमच्यातली?"

उपासनेत एक वेळ असते, तेव्हा ज्याला काही सांगायचं असेल तो उभा राहतो. कोणी आजारातून उठल्याचं सांगतं, कोणी मुलाला नोकरी लागल्याचं. त्या रविवारी मी शेवटच्या बाकावर नव्हते. आजींनी मला दुसऱ्या रांगेत, आपल्या आणि काकांच्या मध्ये बसवलं होतं, म्हणजे पळायला दोन्हीकडून वाट नाही. मी हिंदीत चार ओळी लिहून आणल्या होत्या. उभी राहिले तेव्हा कागद बाकावरच राहिला.

"वो सिरका," मी सुरुवात केली. आजींनी माझ्या कोपराला खालून धरलं. अगदी बाळंतिणीला धरतात तसं, घट्ट. "वो सिरका आजी की गलती नहीं थी. बॉटल पर पट्टी मैंने बाँधी थी. गलत बॉटल पर. आजी को सब याद रहता है. मैंने बताया नहीं, क्योंकि मैं डरती हूँ. सॉरी."

मग पुढच्या बाकावरून गार्ड अंकलचा आवाज आला, "बेटी, डरो मत. उस दिन मेरी शुगर बड़ी अच्छी आई थी."

आधी गाणाऱ्या मुली हसल्या, मग सगळे. पाळक तोंडावर हात धरून हसत होते. महिन्याभराचं दाबून ठेवलेलं हसू होतं ते. काकांनी चष्मा काढून पुसला. आजी मात्र हसल्या नाहीत. पदर सारखा करून त्या उभ्या राहिल्या आणि पाळकांना म्हणाल्या, "पास्टर साहब, अगले महीने से डिब्बा मत लाना."

त्या दुपारी काका एकटेच बिलासपूरला गेले. पोहे खाऊन.

त्यानंतर दोन वर्षं आजी आपल्या घरात, आपल्या मनाप्रमाणे राहिल्या. माझ्याशी त्या आठवडाभर जरा तुटक वागल्या आणि मग एका संध्याकाळी माझं वाचन अर्ध्यात तोडून म्हणाल्या, "काय वाचून राहिली? नीट वाच." तेव्हा मला कळलं की मिटलं. मी आज हे मराठीत लिहू शकते त्यात त्या संध्याकाळींचा वाटा आहे. मोतीबिंदूही त्यांनी काढून घेतला. ऑपरेशनच्या टेबलावर डॉक्टरांना थांबवून आधी वर सांगून घेतलं, असं मागून नर्सने आम्हाला सांगितलं.

यंदाच्या थंडीत त्यांच्या छातीत कफ झाला आणि इस्पितळात न्यावं लागलं. तिथून त्या घरी आल्या नाहीत. मातीच्या दिवशी आमची सगळी गल्ली आली होती. गार्ड अंकलनी हिंदीत गाणं उचललं आणि मी, जिला चार माणसांत नाव सांगताना घाम फुटतो, ते मराठीत म्हटलं. मला मराठीतलेच शब्द येत होते.

पण मला आठवते ती त्याच्या दोन दिवस आधीची दुपार. वॉर्डात डॉक्टर राउंडला आले. नवीन मुलगा होता, माझ्याच वयाचा. म्हाताऱ्या पेशंटना विचारतात तसं त्याने मोठ्या आवाजात विचारलं, "अम्मा, आपका नाम क्या है?"

आजींनी नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, गावाचंही सांगितलं. श्वास पुरत नव्हता तरी मध्ये थांबून सगळं सांगितलं.

"आज कौन सा दिन है?"

"शुक्रवार. और बेटा, धीरे बोलो, बाजूवाली अभी सोई है."

डॉक्टर ओशाळून हसला, फाइलमध्ये काहीतरी खरडलं आणि पुढच्या पलंगाकडे गेला. आजींनी बोटाने मला खूण केली.

"काय लिहून गेला पाह्य."

मी फाइल उघडली. इंग्रजीत दोन शब्द होते. मी ते मनात मराठीत केले आणि त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "तुम्ही पूर्ण शुद्धीवर आहात आणि तुम्हाला सगळं नीट कळतं, असं लिहिलंय."

"सही केली का त्यानं खाली?"

मी पाहिलं. सही होती.

"केली आहे, आजी."

"मंग ठीक आहे," आजी म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.